खाजकुइलीच्या बियांतील औषध : परंपरा, प्रयोगशाळा आणि मात्रेचा प्रश्न

रानात किंवा शेताच्या बांधावर खाजकुइलीची वेल पसरलेली दिसली, की जाणते लोक वाट बदलतात. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळू लागल्या, की त्यांवरील सोनेरी-तपकिरी लव वाऱ्यासोबत उडते आणि अंगाला लागताच असह्य खाज सुटते. मात्र याच शेंगांच्या आत दडलेल्या गुळगुळीत बियांमध्ये लेव्होडोपा नावाचे रसायन असते. पार्किन्सन या मेंदूविकारावरील उपचारांचा मुख्य आधार गेली सुमारे पाच दशके हेच रसायन आहे.

खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपासारखे काही असते, असे नव्हे. औषधाच्या गोळीत असणारा रेणूच त्यांत असतो. त्यामुळे या बियांविषयी प्रचलित असलेली दोन्ही टोकाची मते अपुरी ठरतात. त्यांचा औषधी उपयोग म्हणजे केवळ लोकसमजूत नाही, हे रसायनशास्त्राने दाखवून दिले आहे. त्याच वेळी, वनस्पतीजन्य असल्याने त्या निर्धोक आहेत, हा समजही तेच रसायनशास्त्र खोडून काढते. गोळीला लागू असणारे मात्रेचे, दुष्परिणामांचे आणि अन्य औषधांशी होणाऱ्या आंतरक्रियांचे सारे नियम बियांच्या चूर्णालाही लागू होतात.

वेल आणि तिची नावे

खाजकुइली ही शिंबावर्गीय, म्हणजे वाल, घेवडा, उडीद यांच्याच कुळातील वर्षायू वेल आहे. ‘म्युक्युना प्रुरियन्स’ हे तिचे शास्त्रीय नाव असून त्यातील ‘प्रुरियन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थच खाज आणणारी असा आहे. पावसाळ्यात ती जोमाने वाढते, गर्द जांभळ्या फुलांचे घोस धरते आणि पुढे इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे वळणदार शेंगा देते. प्रत्येक शेंगेत साधारणपणे चार ते सहा बिया असतात. त्या काळ्या, तपकिरी, ठिपकेदार किंवा पांढुरक्या रंगाच्या असू शकतात.

मराठीत तिला कुहिली, खाजकुयली अशीही नावे आहेत. बियांना कवचबीज म्हटले जाते, तर हिंदी भाषक प्रदेशांत ती केवाँच किंवा कौंच म्हणून ओळखली जाते. संस्कृतात ती कपिकच्छू, आत्मगुप्ता, वानरी आणि मर्कटी आहे. माकडालाही खाज आणणारी आणि स्वतःचे रक्षण स्वतःच करणारी, अशा दोन्ही अर्थांच्या छटा या नावांत आहेत. आयुर्वेदाच्या चरक आणि सुश्रुत या संहितांमध्ये वाजीकरणाच्या संदर्भात या बियांचा उल्लेख येतो. बलवर्धक आणि वातशामक द्रव्य म्हणूनही त्यांचा वापर परंपरेने होत आला आहे.

या वनस्पतीचा ‘युटिलिस’ हा उपप्रकार शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याच्या शेंगांवर खाजरी लव नसते. हवेतील नत्र जमिनीत स्थिर करणारे आच्छादनाचे पीक आणि हिरवळीचे खत म्हणून तो उष्ण कटिबंधातील अनेक देशांत घेतला जातो. मध्य अमेरिकेत त्याच्या भाजलेल्या बियांचे पेय कॉफीला पर्याय म्हणूनही प्यायले जाते.

खाज एका द्रव्याची, औषध दुसऱ्या

खाज आणणारे द्रव्य आणि बियांतील औषधी द्रव्य यांची अनेकदा गल्लत केली जाते. प्रत्यक्षात दोन्ही पूर्णपणे भिन्न आहेत. शेंगेवरील सूक्ष्म, काट्यासारखे केस त्वचेत रुततात आणि त्यांतील म्युक्युनेन हे प्रथिने तोडणारे विकर तेथे उतरते. त्वचेतील चेतातंतूंवर असलेल्या विशिष्ट ग्राहकांना ते उत्तेजित करते आणि खाजेचा संदेश मेंदूकडे जातो. हा मार्ग हिस्टामाइनच्या मार्गाहून वेगळा आहे. त्यामुळे खाजेच्या शास्त्रीय अभ्यासात आजही प्रयोगशाळांमध्ये या शेंगेचे मोजके केस त्वचेवर लावून निरीक्षणे घेतली जातात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपात हेच केस पाकात किंवा मधात कालवून जंतांवरील औषध म्हणून दिले जात असत.

बियांच्या आतील रसायनांचा या खाजेशी संबंध नाही. टरफल काढून स्वच्छ केलेल्या बिया हाताळताना खाज येत नाही.

बियांमध्ये काय असते?

अन्नघटकांचा विचार केला, तर खाजकुइलीचे बी अन्य कडधान्यांपेक्षा फारसे वेगळे नाही. त्यात साधारणपणे पाव हिश्श्याच्या आसपास प्रथिने असतात. पिष्टमय पदार्थ, तंतू, काही प्रमाणात स्निग्धांश आणि खनिजेही असतात. त्याचबरोबर ट्रिप्सिन या पाचक विकराला अटकाव करणारे घटक, टॅनिन आणि फायटिक आम्ल हे पोषणाला बाधक ठरणारे पदार्थही त्यात आढळतात. इंडोल गटातील काही अल्कलॉइड संयुगे अल्प प्रमाणात असतात.

या बियांना अन्य कडधान्यांपासून वेगळे करणारा घटक म्हणजे लेव्होडोपा. हे एक अमिनो आम्ल आहे. परंतु शरीरातील प्रथिनांच्या बांधणीत ज्या अमिनो आम्लांचा वापर होतो, त्यांपैकी ते नव्हे. कोरड्या बियांमध्ये त्याचे प्रमाण बहुधा चार ते सहा टक्क्यांच्या आसपास असते. मात्र वाण, जमीन, हवामान, बियांची परिपक्वता आणि साठवण यांनुसार हे प्रमाण बरेच कमी-अधिक होते.

वनस्पती हे रसायन मानवासाठी तयार करीत नाही. बी कुरतडू पाहणाऱ्या किडींना ते बाधक ठरते. म्हणजे बाहेरून लव आणि आतून लेव्होडोपा, अशी या बियांची दुहेरी संरक्षणव्यवस्था आहे.

सामान्य वाटणारी टक्केवारी औषधाच्या दृष्टीने किती मोठी आहे, हे साध्या गणितावरून लक्षात येते. बियांत लेव्होडोपा तीन टक्के असेल, तर पाच ग्रॅम चूर्णातून १५० मिलिग्रॅम लेव्होडोपा पोटात जाईल. हेच प्रमाण सहा टक्के असेल, तर तेवढ्याच चूर्णातून ३०० मिलिग्रॅम जाईल. चमचा तोच, रंग तोच आणि चवही जवळपास तीच. औषध मात्र दुप्पट. मिलिग्रॅमच्या हिशेबाने मात्रा ठरवाव्या लागणाऱ्या आजारात हा फरक क्षुल्लक नसतो.

बियांपासून गोळीपर्यंत

लेव्होडोपाच्या इतिहासात भारताचा वाटा महत्त्वाचा आहे. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकला, म्हणजेच फावा बीन या शेंगेतून हे रसायन वेगळे केले. त्यांनी त्यातील अडीच ग्रॅम स्वतःच घेऊन पाहिले आणि त्यांना उलट्या झाल्या. १९३७ मध्ये मद्रास येथे एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केल्याचे शोधनिबंधाद्वारे प्रसिद्ध केले. त्या काळी या रसायनाचा मेंदूच्या आजाराशी काही संबंध असेल, याची कोणालाही कल्पना नव्हती.

पुढील दुवाही भारतीय वनस्पतीनेच पुरवला. सर्पगंधेपासून मिळणारे रेसरपिन हे औषध दिलेले प्राणी निश्चल होतात, हे ठाऊक होते. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा निश्चल प्राण्यांना डोपा दिले, तेव्हा त्यांच्या हालचाली पूर्ववत झाल्या. डोपामाइन हा मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे या संशोधनातून पुढे आले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात सहभागी करून घेण्यात आले.

पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची मोठी घट झालेली असते, हे ऑलेह हॉर्निकेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये व्हिएन्नात दाखवून दिले. पुढच्याच वर्षी वाल्टर बिर्कमायर यांच्यासह त्यांनी शिरेवाटे लेव्होडोपा देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी तोंडावाटे, हळूहळू मात्रा वाढवीत डोपा दिल्यास रुग्णांना लक्षणीय लाभ होतो, हे सिद्ध केले. १९७० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लेव्होडोपाला मान्यता दिली. आज कार्बिडोपासह लेव्होडोपा हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात पार्किन्सनचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते.

मेंदूपर्यंतचा प्रवास

मेंदूच्या मध्यभागातील ‘कृष्णद्रव्य’ नावाच्या भागातील पेशी डोपामाइन तयार करतात. पार्किन्सनमध्ये या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. हातांचा कंप, स्नायूंची ताठरता, हालचालींतील मंदपणा आणि तोल जाणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ती स्पष्ट दिसू लागतात, तोवर यांतील फार मोठ्या संख्येने पेशी गमावलेल्या असतात.

थेट डोपामाइन देऊन ही उणीव भरून काढता येत नाही. कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडसर ते ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा मात्र अमिनो आम्ल असल्याने अन्य अमिनो आम्लांच्या वाहतूक-मार्गाने मेंदूत शिरते आणि तेथे त्याचे डोपामाइन बनते. भरपूर प्रथिने असलेल्या जेवणासोबत औषध घेतल्यास त्याचा परिणाम कमी होतो, तोही याच कारणाने. अन्नातील अमिनो आम्लांची त्याच मार्गावर गर्दी होते.

यात एक अडचण आहे. लेव्होडोपाचा बराचसा भाग मेंदूत पोहोचण्यापूर्वीच आतडे आणि अन्य अवयवांमध्ये डोपामाइनमध्ये रूपांतरित होतो. मळमळ, उलटी, रक्तदाब उतरणे हे त्रास त्यातून उद्भवतात. हे रूपांतर मेंदूबाहेर रोखण्यासाठी गोळीत कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड मिसळलेले असते. त्यामुळे लेव्होडोपाची आवश्यक मात्रा बरीच कमी होते. बियांच्या चूर्णाला गोळीतील या जोडीदाराची साथ नसते. म्हणून तेवढाच परिणाम साधण्यासाठी चूर्णातून लेव्होडोपाची कित्येक पट मात्रा द्यावी लागते.

चाचण्यांचे निष्कर्ष

खाजकुइलीच्या बियांचा पार्किन्सनवरील परिणाम मानवी चाचण्यांतून तपासला गेला आहे आणि त्यात भारतीय डॉक्टर अग्रभागी होते. १९७८ मध्ये या बियांद्वारे पार्किन्सनच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांविषयीचा शोधनिबंध भारतीय चेताविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९९५ मध्ये भारतातील अनेक केंद्रांवर झालेल्या अभ्यासात ६० रुग्णांना बियांपासून तयार केलेले चूर्ण १२ आठवडे देण्यात आले आणि त्यांच्या लक्षणांत सुधारणा नोंदवली गेली. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अन्य एका भारतीय अभ्यासात, कवचबीज, अश्वगंधा आणि इतर द्रव्ये दुधात शिजवून दिल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधाची तपासणी करण्यात आली. त्याच्या एका मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आढळले.

२००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर अधिक काटेकोर चाचणी झाली. बियांच्या ३० ग्रॅम चूर्णाची तुलना २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि ५० मिलिग्रॅम कार्बिडोपा यांच्याशी करण्यात आली. चूर्णाचा परिणाम सरासरी ३४ मिनिटांत, तर नेहमीच्या औषधाचा ६८ मिनिटांत दिसू लागला. चूर्णाचा प्रभावही अधिक वेळ टिकला. मात्र या ३० ग्रॅम चूर्णात तब्बल १,००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होते, ही बाब निष्कर्ष वाचताना विसरता येत नाही.

२०१७ मध्ये बोलिव्हियातील १८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. भाजलेल्या बियांच्या चूर्णाची एकेक मात्रा परिणामकारकतेत नेहमीच्या औषधाच्या तोडीची ठरली. ज्या देशांत रोजचे औषध रुग्णांना परवडत नाही, तेथे हे स्वस्त चूर्ण उपयोगी पडेल का, हा या संशोधनामागील प्रश्न होता. परंतु त्यानंतर १४ रुग्णांना १६ आठवड्यांच्या अभ्यासात दररोज चूर्ण देऊन पाहिले, तेव्हा निम्म्या रुग्णांनी ते अर्ध्यावरच सोडले. काहींना पोटाचे त्रास झाले, तर काहींच्या हालचाली बिघडत गेल्या. ज्यांना ते सोसले, त्यांच्यात परिणाम चांगला होता.

या अभ्यासांचे एकत्रित तात्पर्य स्पष्ट आहे. बियांतील औषध खरोखर काम करते. मात्र चाचण्या लहान आहेत आणि दीर्घकाळ रोज घेण्याचा अनुभव संमिश्र आहे. आजार बरा करण्याचा किंवा पेशींचा नाश थांबवण्याचा पुरावा ना बियांविषयी आहे, ना गोळीविषयी. दोन्ही लक्षणे आटोक्यात ठेवतात.

इतर दाव्यांची स्थिती

पुरुषांच्या वंध्यत्वावर या बियांचा परंपरेने वापर होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात ७५ वंध्य पुरुषांना रोज पाच ग्रॅम चूर्ण तीन महिने दिल्यानंतर शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल आणि संप्रेरकांची पातळी सुधारल्याचे आढळले. डोपामाइन प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला आवर घालते, हे ज्ञात असल्याने या परिणामामागे तर्कसंगत कारण दिसते. तथापि, केवळ दिखाऊ औषध देऊन तुलना केलेला गट त्यात नव्हता.

रक्तातील साखर कमी करणे, कोलेस्टेरॉल घटवणे हे गुण प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहेत. नायजेरियात या बिया सर्पदंशापासून संरक्षण देतात असे मानले जाते. बियांच्या अर्काने उंदरांना फुरशाच्या गटातील सापाच्या विषापासून काही अंशी संरक्षण मिळाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. याचा अर्थ सर्पदंशावर या बिया उपचार ठरतात, असा नाही. सर्पदंशानंतर तातडीने रुग्णालयात मिळणारे प्रतिविष हाच उपचार आहे.

अन्न म्हणून वापर आणि मोझांबिकचा धडा

दक्षिण आणि ईशान्य भारतातील काही आदिवासी समाज या बिया खातात. मात्र त्या भिजवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलत, दीर्घकाळ उकळूनच. लेव्होडोपा पाण्यात उतरते आणि फेकलेल्या पाण्यासोबत निघून जाते. आयुर्वेदातही बिया दुधात शिजवून, टरफल काढून मग वापरण्याची शोधनाची रीत आहे. या पद्धतींमागील अनुभवसिद्ध शहाणपण रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरते.

ही रीत पाळता आली नाही, तर काय होते, हे मोझांबिकमधील नाम्पुला प्रांतात १९८९ मध्ये दिसले. टंचाईच्या काळात तेथील लोकांनी या बिया खाल्ल्या. परंतु त्या नीट उकळून पाणी टाकून देणे शक्य झाले नाही. अनेकांना भ्रम, गोंधळलेपणा आणि मनोविकाराची तीव्र लक्षणे जाणवली. डॉक्टरांनी त्याचा संबंध या बियांशी जोडला. लेव्होडोपाची मात्रा जास्त झालेल्या रुग्णांतही भास आणि भ्रम होऊ शकतात.

अन्नासाठी लेव्होडोपा कमी करावे लागते आणि औषधासाठी ते टिकवावे लागते. हवा, उष्णता आणि ओलावा यांच्या संपर्कात ते काळे पडून निकामी होते. त्यामुळे चूर्ण कसे तयार केले आणि किती काळ साठवले, यावरही त्याची परिणामकारकता अवलंबून असते.

रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

बाजारात कवचबीजाचे चूर्ण आणि कॅप्सूल शक्तिवर्धक म्हणून सहज मिळतात. २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा पूरक उत्पादनांची तपासणी झाली. एका शिफारस केलेल्या मात्रेतील लेव्होडोपाचे प्रमाण दोन मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. म्हणजे एका डबीतील चूर्ण जवळपास निष्प्रभ, तर दुसऱ्या डबीतील चूर्ण औषधाच्या गोळीइतके प्रभावी असू शकते.

पार्किन्सनसाठी आधीच लेव्होडोपा घेणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांना न सांगता हे चूर्ण घेतल्यास एकूण मात्रा नकळत वाढते. अनैच्छिक हालचाली, भास, उभे राहताना चक्कर येणे हे परिणाम त्यातून संभवतात. याउलट, चूर्णावर विसंबून गोळ्या अचानक बंद केल्यास तीव्र ताठरता आणि ताप यांसह जिवावर बेतणारी अवस्था ओढवू शकते. मनोविकारांवरील काही औषधे, नैराश्यावरील एमएओ प्रतिबंधक गटातील औषधे आणि रक्तदाब कमी करणारी औषधे यांच्याशी लेव्होडोपाच्या आंतरक्रिया होतात. लोहाच्या गोळ्यांमुळे त्याचे शोषण घटते. काचबिंदूच्या काही प्रकारांत ते टाळावे लागते. गर्भवती आणि स्तनदा महिलांनी ते स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

या वनौषधीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पुरेशा मोठ्या चाचण्या झाल्या, बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण प्रत्येक पाकिटावर खात्रीशीरपणे नोंदवले गेले आणि वैद्य तसेच मेंदूविकारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली मात्रा ठरवली गेली, तर महागड्या औषधांपासून वंचित राहिलेल्या रुग्णांना या बियांचा मोठा आधार मिळू शकेल. तोवर कवचबीजाचे चूर्ण घेत असलेल्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ती गोष्ट आपल्या डॉक्टरांना, इतर औषधांच्या यादीत एक औषध म्हणूनच, सांगणे आवश्यक आहे.